शिवारात कोण शिरले, हे कळायला किती खर्च येतो?

पाच एकर राखायची तर रात्रभर जागल करणारा माणूस हवा. असा माणूस आता सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी हंगामाच्या दोन-तीन महिन्यांची त्याची मजुरी परवडत नाही. घरातले कोणी माळ्यावर झोपायला गेले तर विंचू-सापाची आणि बऱ्याच भागांत बिबट्याची धास्ती असते. इकडे मका, भुईमूग, सोयाबीनवर रानडुकरे आणि रोही तुटून पडतात, तर विहिरीवरची केबल, स्टार्टर आणि मोटर माणसे उचलून नेतात. म्हणून शेतकरी विचारतात, रानात कोणी शिरले की घरी मोबाइल वाजेल, अशी सोय करायला किती पैसे लागतील?

पाच एकरांसाठी माझे उत्तर आहे पस्तीस ते चाळीस हजार रुपये, आणि पुढे दरवर्षी चार हजारांच्या आसपास. शेजारच्या तिघांना सोबत घेतले तर हा बोजा बराच हलका होतो. खाली दिलेले सुट्या भागांचे भाव शहरांतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत आणि ऑनलाइन साधारण मिळतात तसे आहेत. त्यांत दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच, पण कशाला किती वाटा लागतो हे प्रमाण फारसे बदलत नाही. आणि तेच समजून घेणे जास्त गरजेचे आहे. कारण यातला मोठा खर्च शिरणाऱ्याला ओळखण्याचा नसतोच. ओळखल्याची खबर खरी आहे ना हे ठरवणे, ती वेळेत पोचवणे आणि योग्य माणसाच्या हाती देणे, यावर पैसा जातो. तिथे हात आखडला की उरलेले सगळे पैसे वाया जातात.

ही व्यवस्था समजायला अवघड नाही. शिवारात ठिकठिकाणी खांबांवर छोट्या पेट्या असतात. प्रत्येक पेटीत हालचाल ओळखणारा सेन्सर, एक छोटा बोर्ड, रेडिओ आणि बॅटरी. विकणारे तिला नोड म्हणतात. या पेट्या तार न ओढता एका मुख्य पेटीशी बोलतात. तिला ते गेटवे म्हणतात. मुख्य पेटी घराच्या गच्चीवर किंवा विहिरीच्या खोलीवर बसते, आणि तिच्यात सिमकार्ड व भोंगा असतो. पेटीने हालचाल पाहिली की ती मुख्य पेटीला कळवते, आणि मुख्य पेटी तुम्हाला.

खरेदीच्या आधी एक हिशेब कागदावर करा. पाच एकरांचा चौकोनी तुकडा धरला तर त्याची एक बाजू साधारण 142 मीटर भरते, म्हणजे भोवतालचा बांध सुमारे 570 मीटर. स्वस्तातला हालचाल-सेन्सर पाच ते सात मीटरवरचेच धड पाहतो. सगळा बांध अडवायचा म्हणून दर बारा मीटरला एक पेटी लावली तर अठ्ठेचाळीस पेट्या होतात, आणि खर्च सव्वा लाखाच्या घरात जातो. कोणी तुम्हाला पूर्ण कुंपणाचा आराखडा दाखवत असेल तर तिथेच थांबवा. रानडुकरे शक्यतो ठरलेल्या वाटांनी येतात: ओढ्याचा काठ, बांधाला पडलेले खिंडार, शेजारच्या पडीक रानाची बाजू. मोटर चोरणारा गाडीरस्त्याने येतो, कारण त्याला माल वाहून न्यायचा असतो. दोन-तीन दिवस सकाळी बांधावरून फिरून माग पाहा, उकरलेली माती पाहा. पाच एकरांना आठ पेट्या बहुतेक ठिकाणी पुरतात. दोन ओढ्याच्या वाटेवर, दोन गाडीरस्त्यावर, दोन विहिरीजवळ, आणि दोन तुमच्या रानाच्या कमकुवत बाजूला.

आता एका पेटीचा खर्च. हालचाल-सेन्सर साठ ते शंभर रुपयांत येतो. कमी वीज खाणारा छोटा बोर्ड तीनशे-चारशेला. लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ पाचशे ते आठशे. लिथियम सेल, तो भरणारे सर्किट आणि तळहाताएवढे सौर पॅनल मिळून सहाशेपर्यंत. पाऊस आत न जाणारी पेटी, केबलच्या रबरी ग्लँड आणि अँटेना मिळून चारशे-साडेचारशे. खांब, क्लँप, सिमेंट आणि किरकोळ वायर यांना चारशे धरा. बेरीज साधारण 2,600 रुपये होते, आणि त्यात ओळखणारा भाग जेमतेम शंभराचा आहे. म्हणूनच 'शंभर रुपयांत चोर पकडा' असा व्हिडिओ पाहून कामाला लागलेला माणूस दोन महिन्यांत कंटाळतो. शंभराचा सेन्सर खोटे बोलत नाही. तो उन्हापावसात तग धरत नाही, आणि त्याचे म्हणणे कुणापर्यंत पोचत नाही.

बोर्ड निवडताना एकच आकडा विचारा: झोपेत असताना तो किती वीज खातो? बाजारात सर्वांत जास्त दिसणारा ईएसपी 32 चा शिकाऊ बोर्ड चांगला आहे, पण त्यावरची यूएसबी चिप आणि व्होल्टेज कमी करणारा भाग झोपेतही वीज खात राहतात. असा बोर्ड झोपेत दहा मिलिअँपिअर खात असेल तर 2,600 मिलिअँपिअर-तासांचा सेल 260 तासांत, म्हणजे अकरा दिवसांत रिकामा होतो. तेच खाणे 0.2 मिलिअँपिअरवर आणले तर तोच सेल कागदावर दीड वर्ष पुरतो. दोन बोर्डांच्या किमतीत शे-दीडशेचा फरक असेल, पण पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडले नाही की कोणता बोर्ड जिवंत राहतो ते तुम्हाला दिसेलच. सेन्सरही त्याच हिशेबाने घ्या. एचसी एसआर 501 हा नेहमीचा सेन्सर पाच व्होल्टवर नीट चालतो. एका लिथियम सेलवर चालवायचा असेल तर एएम 312 हा छोटा सेन्सर सोयीचा, मात्र त्याची नजर तीन ते पाच मीटरपर्यंतच जाते.

सेलबद्दल विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना आवर्जून सांगायचे आहे. साधा लिथियम सेल 45 अंशांच्या वर भरू नये. मे महिन्यात उन्हात टांगलेल्या पेटीच्या आतले तापमान त्याच्या बरेच वर जाते. थोडे जास्त पैसे देऊन लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचा सेल घ्या, पेटी पांढऱ्या रंगाची घ्या, आणि पॅनलच पेटीवर सावली धरेल असे बसवा. हे न केल्यास सेल पहिल्याच उन्हाळ्यात फुगतात आणि दुरुस्तीचा खर्च आठही पेट्यांना लागतो.

हालचाल-सेन्सर, म्हणजे पीआयआर, शरीराची उष्णता आणि मागच्या जमिनीची उष्णता यांतला फरक पाहतो. भर उन्हाळ्याच्या दुपारी दोन्ही जवळपास सारखी होतात आणि माणूस त्याला दिसेनासा होतो. रात्री तो उत्तम काम करतो, आणि आपल्याला राखण रात्रीचीच हवी असते, म्हणून मी अजूनही त्याचीच शिफारस करते. फक्त चार गोष्टी सांभाळा. त्याच्यासमोरून आडवे जाणारे त्याला चटकन दिसते, सरळ अंगावर येणारे उशिरा दिसते. म्हणून पेटी वाटेच्या बाजूला, वाट आडवी कापली जाईल अशी लावा. तोंड पूर्व-पश्चिमेला नको, नाहीतर उगवता-मावळता सूर्य त्याला फसवतो. समोरचे गवत कापलेले ठेवा, कारण तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी तो उठतो. आणि त्याच्या पांढऱ्या घुमटासमोर काच किंवा ॲक्रेलिकचे झाकण लावू नका. शरीराची उष्णता त्यातून जातच नाही. घुमट पेटीच्या भोकातून बाहेर काढा आणि भोवती सिलिकॉन भरा. हे सिलिकॉन पाऊस अडवते आणि मुंग्याही अडवते. पेटीत मुंग्यांनी घर केले की सर्किट जळालेच म्हणून समजा.

शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा मायक्रोवेव्ह सेन्सर पीआयआरच्या जोडीला लावता येतो. दोघांनी एकाच वेळी हो म्हटले तरच खबर द्यायची, अशी जोडणी केली तर खोट्या हाका बऱ्याच कमी होतात. पण तो सेन्सर सतत वीज खातो. त्यामुळे त्याला झोपवून ठेवा आणि पीआयआर उठल्यावरच त्याला वीज द्या. जो मेकॅनिक हे स्वतःहून सुचवेल त्याला काम द्यायला हरकत नाही.

रेडिओची खरेदी करताना कायद्याकडेही पाहावे लागते. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 मध्ये परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, आणि 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढवला. लोरा रेडिओ याच पट्ट्याचा घ्या. बाजारात 433 मेगाहर्ट्झचे मॉड्यूल शे-दीडशे रुपयांनी स्वस्त मिळतात. पण आपल्याकडे त्या पट्ट्याची मोकळीक फार कमी शक्तीच्या आणि अरुंद लहरींच्या उपकरणांना आहे, लोरा तिच्यात बसत नाही. 915 चे मॉड्यूल अमेरिकेसाठी असतात आणि आपल्याकडे मोबाइलच्या लहरींवर आदळतात. तयार यंत्रणा विकत घेत असाल तर विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचे ईटीए प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर माल मागच्या दाराने आलेला असण्याचीच शक्यता जास्त.

या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण पस्तीस सेंटिमीटर असते, म्हणून सरळ काडीची अँटेना साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास हवी. दुकानदार 433 ची लांब अँटेना 'हीही चालते' म्हणून देतो. तिने पल्ला निम्म्यावर येतो, तेव्हा ती घेऊ नका. अँटेना न लावता रेडिओ कधीही चालू करू नका, त्याचा पाठवणारा भाग जळू शकतो. आणि पल्ल्याच्या जाहिरातीतले दहा-पंधरा किलोमीटर विसरा. उसाचे ओले पान लहर पिऊन टाकते. मुख्य पेटीची अँटेना उभ्या उसाच्या बरीच वर, निदान वीस-पंचवीस फुटांवर गेली पाहिजे. एक किलोमीटरच्या अंतरावर लहरीला मध्यभागी वर-खाली पाच-सहा मीटरची मोकळी जागा लागते, असे गणित सांगते. म्हणून मुख्य पेटीच्या खांबावर खर्च केलेले दीड-दोन हजार रुपये मला सगळ्या यादीतले सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात. उंची वाढली की पेट्यांची शक्ती आणि बॅटरी दोन्ही वाचतात.

खबर खरी आहे हे कसे ठरवायचे, हा खरा प्रश्न इथून सुरू होतो. पहिल्या आठवड्यात फोन वाजला की माणूस बॅटरी घेऊन धावतो. तीनदा कुत्रे निघाले की चौथ्यांदा तो फोन सायलेंटवर टाकतो, आणि मोटर नेमकी तेव्हाच जाते. म्हणून एका पेटीच्या शब्दावर कधीही भोंगा वाजवू नका. वाटेवर दोन पेट्या पंधरा मीटर अंतराने लावा आणि दोघींनी अर्ध्या मिनिटाच्या आत कळवले तरच इशारा द्या. यातून आणखी एक फायदा होतो. कोणती पेटी आधी बोलली यावरून दिशा कळते. पंधरा मीटर अंतर बारा सेकंदांत कापले गेले असेल तर ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे चालणारा माणूस. पळत सुटलेले कुत्रे चार-पाच सेकंदांत पार होते. डुकरांचा कळप एकच पेटी पुन्हा पुन्हा उठवतो आणि जागेवर रेंगाळतो. एवढे साधे नियम मुख्य पेटीत लिहायला जाणकार मुलाला एक-दोन दिवस लागतात, सुट्या भागांचा खर्च शून्य.

शेजारच्या पेट्यांचे म्हणणे जुळवून मग निष्कर्ष काढायचा, ही पद्धत जुनी आहे. 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर बिनतारी सेन्सर सव्वा किलोमीटर लांब पट्ट्यात पेरून माणसे आणि गाड्या ओळखण्याचा प्रयोग केला, तेव्हाही सगळी कसरत खोट्या हाका गाळण्याची होती. त्याच्याही आधी, 1968 च्या सुमारास, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हवाई दलाने हो ची मिन्ह मार्गावर विमानांतून सेन्सर टाकले. त्यांचे संदेश आकाशात घिरट्या घालणारी विमाने पकडत आणि थायलंडमधल्या नाखोन फानोम तळावरच्या संगणकांना पुरवत. या सगळ्याचा खर्च वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर होता. खबर वाहून नेणे आणि तिचा अर्थ लावणे तेव्हाही महाग होते. आपल्याकडे सीमा सुरक्षा दलाने आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेच्या पात्रात, जिथे कुंपण उभे करता येत नाही अशा 61 किलोमीटरच्या पट्ट्यात, 2019 मध्ये सेन्सर आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली, तीही शेवटी नियंत्रण कक्षातून जवान वेळेत निघण्यावर अवलंबून आहे.

प्रत्येक पेटी काय पाठवते हेही ठरवून घ्या. पेटीचा क्रमांक, संदेशाचा क्रमांक, कोणता सेन्सर उठला, बॅटरी किती आहे, एवढे दहा-बारा बाइटांत बसते. छोटा संदेश लवकर सुटतो आणि वीज कमी खातो. लोरामध्ये पल्ला वाढवण्यासाठी वेग कमी करता येतो. सर्वांत वेगवान मांडणीत असा संदेश पन्नासेक मिलिसेकंदांत जातो, सर्वांत संथ मांडणीत त्याला एक सेकंदाहून अधिक लागतो. शेत जवळ असेल तर संथ मांडणी मुळीच नको. शिवाय काही घडले नाही तरी पेटीने तासाला एकदा 'मी आहे' असे कळवलेच पाहिजे. दोन तास ती गप्प राहिली तर तोही इशाराच. एकतर सेल मेला, किंवा कोणी पेटीच उपटून नेली. हा हजेरीचा भाग नसलेली यंत्रणा घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

मुख्य पेटीत काटकसर करायची नाही. बोर्ड आणि रेडिओ हजारभर, फोरजी मॉड्यूल हजार ते दीड हजार, बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची बॅटरी हजारापर्यंत, वीस वॅटचे पॅनल आणि चार्ज कंट्रोलर मिळून सतराशे, भोंगा पाचशे, मोठी पेटी सातशे, आणि उंच खांब व अँटेना दोन-अडीच हजार. बेरीज आठ-नऊ हजार होते, हाताशी थोडे राखून दहा हजार धरा. टूजी मॉड्यूल तीनशे-चारशेला मिळते, पण जिओला टूजी नाहीच, आणि इतर कंपन्यांचे टूजी किती दिवस राहील यावर मी राखण सोपवणार नाही. सिम घेण्याआधी तिन्ही-चारही कंपन्यांचे फोन घेऊन खांबाच्या जागी उभे राहा आणि ज्याला खरेच रेंज आहे त्याचेच सिम घ्या. केवळ कॉल आणि एसएमएस असलेले वर्षाचे पॅक आता मिळते. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना असे डेटाविना पॅक देणे बंधनकारक केले. साधारण दोन हजारांच्या आतबाहेर वर्ष निघते. इशारा नुसत्या एसएमएसने देऊ नका, तो झोपेत दिसत नाही. यंत्राने फोन लावावा, तुम्ही उचलू नये, आणि किती वेळा वाजला यावरून ओढा की रस्ता ते ओळखावे. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत.

आता तीन वर्षांचा हिशेब मांडू. आठ पेट्या 20,800, मुख्य पेटी 10,000, बसवणूक आणि प्रोग्रॅमिंगची मजुरी 6,000 धरली तर सुरुवातीला सुमारे 37,000. दरवर्षी सिम 2,000 आणि सेल-पेट्यांची डागडुजी 2,000. तीन वर्षांत 49,000, म्हणजे महिन्याला साडेतेराशेच्या आसपास. याच्या जागी सौर पॅनलचे चार फोरजी कॅमेरे घेतले तर एकेक सहा हजार धरून 24,000 लागतात, म्हणजे सुरुवातीला कॅमेरेच स्वस्त दिसतात. पण प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळे सिम आणि वर्षाचा साडेतीन हजारांचा डेटा. तीन वर्षांत 42,000 तिकडे गेले आणि एकूण 66,000 झाले. विक्रेता हा दुसरा आकडा सांगत नाही. विहिरीवर एक कॅमेरा असावा, कारण पोलिसांना दाखवायला चित्र लागते. पण राखण कॅमेऱ्यांवर उभी करू नका.

शेजारी एकत्र आले तर हिशेब आणखी बदलतो. मुख्य पेटी पाच एकरांपुरती बोलत नाही, उंचीवर असेल तर एक-दीड किलोमीटरच्या परिघातले सगळे मळे ती ऐकू शकते. चौघांत ती वाटली तर प्रत्येकी अडीच हजार आणि सिमचे वर्षाला पाचशे. मेकॅनिकही चौघांचे काम एका फेरीत करतो म्हणून मजुरी चार हजारांवर येते. प्रत्येकाला तीन वर्षांत सुमारे 35,000 पडतात, महिन्याला हजाराच्या आत. पैशापेक्षा मोठा लाभ असा की ओढ्यावरच्या पहिल्या रानात कळप दिसला की खालच्या तिघांना तो पोचायच्या आधी खबर मिळते. फक्त मुख्य पेटी कोणाच्या गच्चीवर, सिम कोणाच्या नावावर आणि रिचार्ज कोणी करायचे हे वहीत लिहून चौघांच्या सह्या घ्या. अशा भागीदाऱ्या यंत्र बिघडून मोडत नाहीत, रिचार्जवरून मोडतात.

खबर कोणाला द्यायची, हे मात्र पैशाच्या हिशेबाच्या पलीकडचे आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. ती गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही आपोआप जाऊ देऊ नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी डवरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेने तिघांचा जीव गेला. शंभर रुपयांचा सेन्सर 'काहीतरी हलले' एवढेच सांगतो. 'चोर आला' असे तो सांगत नाही, आणि संदेशातही तसे शब्द नसावेत. 'ओढा, पेटी तीन, दोन वाजून दहा' एवढेच असावे. पाण्याच्या पाळीला निघालेला शेजारी, वाट चुकलेला मेंढपाळ, ऊसतोड टोळीतली बाई, कोणीही त्या वाटेवर असू शकते. फोन घरच्या दोघांना आणि भागीदार शेजाऱ्यांना जावा. माणूस असल्याची खात्री पटली तर 112 ला किंवा पोलीस पाटलांना कळवा. राज्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. तिच्यात टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप नोंदवलेल्या सगळ्या फोनवर आवाजाच्या रूपात जातो आणि बोलणारा कोण याची नोंद राहते. गावाला सांगायचेच असेल तर त्या मार्गाने, स्वतःच्या आवाजात सांगा.

जाळ्यातच कोणी शिरू नये याचीही काळजी हवी. ऑनलाइन मिळणारे आठशे-हजाराचे बिनतारी दार-अलार्म बहुधा दरवेळी तोच ठरलेला कोड पाठवतात. तो पकडून पुन्हा वाजवणारे उपकरण महाग नसते. तुमच्या पेट्यांचे संदेश एईएस 128 ने कुलूपबंद हवेत, आणि प्रत्येक संदेशाचा क्रमांक मागच्यापेक्षा मोठा असल्याशिवाय मुख्य पेटीने तो मानू नये. यालाही सुटा भाग लागत नाही, फक्त बनवणाऱ्याने ते करायला हवे. काम ठरवताना हे दोन मुद्दे, तासाची हजेरी, दोन पेट्यांची खात्री आणि सेलची एक वर्षाची हमी बिलावर लिहून घ्या. प्रोग्रॅमची प्रत पेन ड्राइव्हवर तुमच्याकडे राहिली पाहिजे. तो मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर दुसऱ्याला पुढे काम करता येईल.

डुकरांना आवरण्यासाठी बांधाला थेट वीज सोडणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, ते बंद करा. त्यात दरवर्षी माणसे, बहुतेकदा घरचीच, मरतात, आणि तो गुन्हा आहे. झटका देणारे सौर कुंपण ही वेगळी आणि कायदेशीर गोष्ट आहे. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. पिकाचे नुकसान झालेच तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. पेटीतली नोंद वेळ सांगायला उपयोगी पडते, भरपाई पंचनाम्यावरच मिळते.

बसवायची वेळ म्हणाल तर खरिपाची पेरणी उरकल्यावर, पीक गुडघ्याइतके असताना. तेव्हा वाटा दिसतात आणि खांब रोवायला जमीन ओली असते. आधी चारच पेट्या लावा, पंधरा दिवस भोंग्याची वायर काढून नुसती नोंद होऊ द्या. किती हाका खोट्या, कोणत्या वेळी, कोणत्या पेटीवर, ते पाहून जागा आणि नियम बदला. रात्रीत एकापेक्षा जास्त खोटी हाक येईनाशी झाली की भोंगा जोडा आणि उरलेल्या चार पेट्यांचे पैसे काढा.